'मूल होऊ द्या, सगळं मार्गी लागेल' असं सांगणाऱ्या कौन्सेलरनंतर कोणाकडे जावं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३३, नोकरी हिंजवडीत, घर सिंहगड रस्त्याला. सात-आठ महिने झोप धड नाही. रविवारी संध्याकाळचा चहा ठेवला की छातीत धडधड सुरू होते, ती सोमवारी दुपारपर्यंत पुरते. घरात चिडचिड, ऑफिसात चुका. एका कौन्सेलरकडे दोनदा जाऊन आले. दुसऱ्या भेटीत त्यांनी 'मूल होऊ द्या, सगळं मार्गी लागेल' असं सांगितलं. पुन्हा गेले नाही. आता शोधायला बसले तर सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, थेरपिस्ट, सीबीटी, आरईबीटी, ईएमडीआर अशी नावंच नावं. कोणाकडे जायचं? माणूस बरा की नाही हे कसं ओळखायचं? गोळ्या लागतील का? नवऱ्याला बरोबर न्यावं का?

पुन्हा गेला नाहीत ते बरंच केलंत. मी चोवीस वर्षं पुण्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे, सकाळी रुग्णालयात आणि संध्याकाळी कर्वे रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत. 'मूल होऊ द्या' हा सल्ला ऐकून आलेल्या किती बायका माझ्यासमोर बसल्या ते मोजलेलं नाही. काहींना मूल झालंही होतं. धडधड होती तिथेच होती, फक्त आता रात्री उठायला आणखी एक कारण.

आपल्याकडे 'समुपदेशन' हा शब्दच थोडा घात करतो. त्यात 'उपदेश' दबा धरून बसलाय. त्यामुळे देणाऱ्याला वाटतं आपण चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण मान डोलवायची. आई मुलाला घेऊन येते, त्याला बाहेर बसवते आणि हळूच म्हणते, "मॅडम, जरा समजावून सांगा त्याला, तुमचं ऐकेल." समजावून सांगायला घरात आत्या आहे, मामा आहे, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आहेत, आणि ते सगळे फुकट आहेत. पैसे देऊन ज्या खोलीत जायचं तिथे वेगळं काही घडायला हवं.

पण कोणाकडे जायचं हे ठरवण्याआधी एक काम करा. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड कमी पडलं की माणूस सुस्त आणि उदास दिसतो, जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. व्यवसायाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक बाई माझ्याकडे सात महिने येत होत्या. शिथिलीकरण, श्वासाचे व्यायाम, विचारांची वही, सगळं केलं. बांगड्या सैल झाल्यात, कोपराकडे सरकतात, हे त्यांनी मला स्वतः हात पुढे करून दाखवलं होतं. मी ते काळजीच्या खात्यात टाकलं. शेवटी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि थायरॉइड भलतंच वाढलेलं निघालं. तेव्हापासून माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर सगळ्यात वर एकच ओळ असते: शेवटची रक्ततपासणी कधी?

तुमच्या बाबतीत थायरॉइड निघेल असं मला फारसं वाटत नाही, कारण थायरॉइडला वार कळत नाही. तुमच्या धडधडीला रविवार कळतो. तरीही तपासा. शिवाय दिवसाला कॉफी किती होते, तेही एकदा प्रामाणिकपणे मोजा.

आता माणसांची ओळख. सायकॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार या सगळ्या मंडळींत त्यांनाच. त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. बहुतेकांच्या ओपीडीत इतकी गर्दी असते की दर माणशी दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, म्हणून बोलण्याचं काम ते दुसऱ्याकडे सोपवतात. 'डॉक्टरांनी माझं नीट ऐकूनच घेतलं नाही' ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या दारात उभं राहून केलेली असते.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, गोळ्या देत नाही. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., ज्यात ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करावं लागतं, हा आजवरचा रुळलेला रस्ता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये या पदाची व्याख्याच दिली आहे. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, जिला सगळे आरसीआय म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. इथे एक गोम आहे: आरसीआयची मान्यता नसलेली नुसती 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' ही पदवी असली म्हणून माणूस कायद्याच्या व्याख्येतला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. पाटीवर दोन्ही सारखंच दिसतं. आणि नावाआधी 'डॉ.' असेल तर कशातले डॉक्टर, हे विचारायला संकोच नको. इतिहासातली पीएच.डी. हीसुद्धा डॉक्टरेटच असते.

राहिला समुपदेशक. इथे मोठी सरमिसळ आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेली, वर्षानुवर्षं अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेली माणसं इथे आहेत, मनोविकार सामाजिक कार्य, म्हणजे सायकॅट्रिक सोशल वर्क, शिकलेली आहेत, आणि दोन शनिवार-रविवारांत सर्टिफिकेट मिळवून पाटी लावणारीही आहेत. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात या क्षेत्रातल्या इतरांनाही नोंदणीखाली आणायची तरतूद आहे, पण आज तुमच्या गल्लीत कुणी 'कौन्सेलर' अशी पाटी लावली तर त्याला अडवायला कुणी येत नाही. तरी सरसकट नाकं मुरडू नका. आरसीआय नंबर नसलेल्या निदान दोघीजणी मला माहीत आहेत, ज्यांच्याकडे मी माझ्या सख्ख्या बहिणीला डोळे झाकून पाठवीन. नंबर असलेले काही असेही आहेत की तिथे पाठवणार नाही. नोंदणीवरून माणूस काय शिकलाय आणि तक्रार करायची झाली तर कुठे, एवढं कळतं. कान कसा आहे ते कळत नाही.

आता तुमच्या नावांच्या यादीकडे वळू. माझं मत सरळ सांगते: बहुतेक लोकांच्या बहुतेक तक्रारींसाठी पद्धतीचं नाव तुम्हाला वाटतं तितकं महत्त्वाचं नाही. १९३६ साली सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांडलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल सारखेच येत असतील, तर श्रेय त्यांच्यात जे समान असतं त्याला जात असावं. त्यावर आजही वाद झडतात. पण उदासी, नात्यातली घुसमट, नोकरीतला ताण, यांत समोरच्याशी जुळलेला विश्वासाचा धागा खूप काम करून जातो, हे पुढच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे आणि मलाही रोज दिसतं.

काही आजारांत मात्र पद्धत चुकली की वर्षं वाया जातात. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हे त्यातलं पहिलं नाव.

एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, बँकेतले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). घरातून निघताना शेगडीची बटणं आणि सिलिंडरचा रेग्युलेटर अकरा वेळा तपासायचे, मग दोन जिने उतरून परत वर यायचे. माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षं ते एका मायाळू समुपदेशकाकडे वडिलांच्या कडक स्वभावाबद्दल बोलत होते. वडील त्यांना छान समजले. रेग्युलेटर तसाच राहिला. या आजाराला जी पद्धत लागू पडते तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ईआरपी. मराठीत सांगायचं तर ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि भीती घालवायला जो विधी करतो तो करायचा नाही. आम्ही भीतीची उतरंड लिहिली, प्रत्येक पायरीला ० ते १०० गुण दिले, खालच्या पायऱ्या सर केल्या, आणि सातव्या भेटीला मी त्यांच्या घरी गेले.

त्यांनी रेग्युलेटर एकदाच बंद केला. हात मागे घेतला. दाराला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं लिफ्टपाशी उभे राहिलो.

"किती?" मी विचारलं.

"पंच्याण्णव. मॅडम, बंद केलाय ना हो मी?"

"मला माहीत नाही."

हे वाक्य म्हणायला मला किती जड जातं ते मलाच ठाऊक. 'हो, केलाय, मी पाहिलं' म्हटलं असतं तर त्यांचा चेहरा क्षणात उजळला असता आणि आजार आणखी एक दिवस पोसला गेला असता. शेजारच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या, "किल्ली विसरलात का?" म्हणाल्या. गृहस्थांनी नुसतं हसून दाखवलं, घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. वीस मिनिटांनी ऐंशी. अर्ध्या तासानं साठ. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली असतील, ते म्हणाले, "मॅडम, उभं राहून पाय दुखायला लागले हो." मी घड्याळात पाहिलं आणि वहीत वेळ लिहून ठेवली. पायांकडे लक्ष जाण्याइतकी जागा डोक्यात झाली होती.

म्हणून ओसीडी असेल तर फोनवरच विचारा, 'तुम्ही ईआरपी करता का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दार. लिफ्टची, कुत्र्याची, विमानाची भीती असेल तरी हेच तत्त्व. अपघात, अत्याचार अशा जबर धक्क्यानंतर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर धक्क्यावर काम करायचं खास प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७च्या सुमारास सुरू केलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी पद्धत त्यासाठीच आहे. रविवारच्या धडधडीला ती लागत नाही. आवाज ऐकू येणं, कुणी पाळतीवर आहे असं पक्कं वाटणं, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, अशा वेळी थेट सायकॅट्रिस्ट, आधी बोलत बसायचं नाही. व्यसन असेल तर पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे घरच्यांसाठीही काम चालतं, आणि माझ्या मते निम्मी लढाई तीच असते.

गेल्या जन्मात नेऊन आणणारे, अंतर्मन 'री-प्रोग्रॅम' करून देणारे, यांच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. तिथे जाऊन आलेल्यांच्या डोक्यात कधी न घडलेल्या आठवणी घट्ट बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या काढायला मूळ तक्रारीपेक्षा जास्त वेळ गेला.

तुमच्यासारख्या तक्रारीला सीबीटी किंवा आरईबीटी चांगली लागू पडते. दोन्ही विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या चुलत बहिणी. पहिली अॅरन बेक यांची, दुसरी अल्बर्ट एलिस यांची, १९५०च्या दशकातली. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून आरईबीटी आपल्याकडे रुजवली, त्यामुळे मराठीतून ती करणारे लोक सहज सापडतात. आणि खरं तर ही पद्धत मराठीसाठीच जन्मली असावी असं मला कधी कधी वाटतं, कारण तिचा सगळा गाभा आपल्या एका अक्षरात आहे: 'च'.

समजा, 'सॉफ्टवेअरचं रिलीज वेळेवर जावं' ही इच्छा आहे. 'रिलीज वेळेवर गेलंच पाहिजे, मॅनेजरनं मला चारचौघांत टोकताच कामा नये, आणि टोकलं तर मी संपलेच' या वाक्यात तीन 'च' आहेत आणि धडधड त्या तिघांच्या पोटात आहे. मॅनेजर सोमवारी सकाळी भेटतो, धडधड रविवारी संध्याकाळी सुरू होते. म्हणजे मधले सोळा-सतरा तास तो मॅनेजर नसतो, त्याच्याबद्दलचं वाक्य असतं. थेरपिस्ट ते वाक्य तुमच्याकडून काढून घेतो, कागदावर ठेवतो आणि तुमच्याबरोबर उलटंपालटं करून पाहतो: याला पुरावा काय? असं झालंच तर पुढे नेमकं काय होईल? हे म्हणजे 'सकारात्मक विचार करा' नव्हे. मॅनेजर खरोखरच खडूस असू शकतो. मग काम वेगळं होतं: त्याला काय बोलायचं, कसं बोलायचं, की नोकरी बदलायची. या पद्धतीत गृहपाठ असतो आणि तो केला नाही तर फारसं काही होत नाही. साधारण आठ ते वीस भेटी धरून चला.

दुसऱ्या टोकाला सायकोडायनॅमिक पद्धत. ती संथ, भूतकाळात मागे जाणारी. प्रत्येक नोकरीत, प्रत्येक नात्यात तोच पिळा पडतोय असं वाटत असेल, तर तिची मजा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतले लोक सल्ला जवळजवळ देतच नाहीत, ऐकतात. पण असे ऐकतात की तुमचं वाक्य तुम्हालाच पहिल्यांदा ऐकू येतं. दुःखात, कुणी गेल्यानंतर, मला तरी हीच रीत योग्य वाटते. व्यवहारात आम्ही बहुतेकजण थोडं इकडचं थोडं तिकडचं वापरतो. 'मी एकाच पद्धतीचा' असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा 'तुमच्यासाठी हे का वापरतेय' हे साध्या मराठीत सांगू शकणारा माणूस निवडा.

नवऱ्याला न्यावं का? सोडायला आले तर उत्तम, आत नको. पहिल्या दोन-तीन भेटी तुमच्या एकटीच्या. पुढे तुमची इच्छा असेल तर त्यांना एकदा बोलवून घ्यावं, काय चाललंय ते समजून घ्यायला. तक्रार मुळात दोघांतली असेल तर जोडप्यांबरोबर काम करणारी वेगळी व्यक्ती शोधा, कारण एकीची गुपितं आधीच पोटात असलेला माणूस दोघांचा पंच होऊ शकत नाही. घरात मारहाण असेल तर एकत्र बसून समुपदेशन हा पर्यायच नाही. खोलीत खरं बोललेल्या बाईला घरी जाऊन त्याची किंमत मोजावी लागते. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक ही आणखी वेगळी गोष्ट. त्यांचं काम तडजोड होते का ते पाहण्याचं, त्याला उपचार समजू नका.

गुप्ततेचा हक्क २०१७च्या कायद्यातच आहे. सासूबाईंचा, आईचा, नवऱ्याचा फोन येतो, 'काही नाही, सहज, तिचं कसं चाललंय?' मी एवढंच म्हणते की माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही हे मी कुणालाच सांगत नाही. अपवाद असतात: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलाचं लैंगिक शोषण कळलं तर, कारण ते कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. चांगला थेरपिस्ट हे अपवाद पहिल्याच भेटीत, तुम्ही न विचारता सांगतो.

वेळ घेण्याआधी फोनवर पाच मिनिटं मागा. शिक्षण काय, नोंदणी कुठे, माझ्यासारख्या तक्रारींवर काम केलंय का, एका भेटीचे किती, ऐनवेळी भेट रद्द केली तर काय, आणि एक प्रश्न जो सहसा कुणी विचारत नाही: तुम्ही अडलात तर कुणाला विचारता? आमच्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. चोवीस वर्षांनंतरही मी महिन्यातून दोनदा माझ्याहून ज्येष्ठ बाईंसमोर वही उघडून बसते. 'मला आता कुणाला विचारायची गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

मग तीन भेटी द्या. पहिल्या भेटीत बहुतेक माहितीच घेतली जाते, ती थोडी कोरडी वाटते, त्यावरून ठरवू नका. तिसरीनंतर स्वतःला विचारा: मी इथे एखादी लाज वाटणारी गोष्ट बोलले का, की अजून शहाण्या मुलीसारखी उत्तरं देतेय? आम्ही नेमकं कशावर काम करतोय हे मला एका वाक्यात सांगता येईल का? भेटीनंतर बरं वाटलंच पाहिजे असं नाही (बघा, माझाही 'च'). कधी कधी जड वाटतं, रडू येतं, तेही कामाचा भाग असतं. पण ऐकून घेतल्यासारखं वाटायला हवं. आणि काही खुपलं, म्हणजे 'मूल होऊ द्या' यासारखं काही, तर गुपचूप गायब होण्याआधी एकदा तोंडावर सांगून पाहा: 'तुम्ही तसं म्हणालात ते मला आवडलं नाही.' चांगला माणूस दचकेल, थांबेल आणि विचारेल. वाईट माणूस तुम्हालाच 'तुमचा विरोध आहे' असं समजावेल. मला एकदा एका मुलीनं सांगितलं होतं, "मॅडम, मी बोलताना तुम्ही सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता." खरं होतं. ते घड्याळ आता तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, माझ्या नजरेसमोर आहे. मान वळवावी लागत नाही.

काही गोष्टींवर मात्र तिसऱ्या भेटीची वाट पाहायची नाही. वीस सेशनचे पैसे आधी भरायला लावणं, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं, चालू गोळ्या बंद करायला लावणं, घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका असा निकाल देणं, बाहेर कॉफीला बोलावणं, नको तिथे हात लावणं, पत्रिका मागणं. उठा आणि निघा.

गोळ्या लागतील का हे तुम्हाला न पाहता मला सांगता येणार नाही. झोप आणखी बिघडली, कामावर जाणं जमेना, जेवण सुटलं, मरणाचे विचार डोकावले, तर सायकॅट्रिस्टला दाखवायचंच. उदासी आणि चिंतेवरच्या मुख्य गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. त्यांची नशा नसते, पण डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करायच्या नसतात. लोक घाबरतात या गोळ्यांना, आणि मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या गोळ्या मात्र निवांत आणतात, 'अर्धीच घेते हो' म्हणत. सवय लागते ती त्या अर्धीची.

पैशांचं म्हणाल तर खासगीत सध्या माझ्या आसपास भेटीला १,००० ते २,५०० रुपये घेतात. जास्त फी म्हणजे जास्त चांगला, असा हिशेब इथे लागत नाही. पुष्कळजण अडचण सांगितली तर कमी करतात, विचारा. तुमच्या कंपनीत कर्मचारी साहाय्य योजना असेल तर काही भेटी मोफत मिळू शकतात. कंपनीला नावानिशी काय कळवलं जातं हे आधी लेखी विचारून घ्या. २०१७च्या कायद्यानं मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलेला नसेल तर बोलण्याच्या उपचाराचे पैसे सहसा खिशातूनच जातात. परवडत नसेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढा आणि सकाळी लवकर जा. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. पुण्यात 'येरवड्याला पाठवा' ही थट्टा इतकी मुरलीय की लोक त्या फाटकाशी रिक्षा थांबवायलाही कचरतात, आणि थोडं अलीकडेच उतरून चालत जातात. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र, मराठीतही. मध्यरात्री विचार आवरेनासे झाले तर तो लावा, माझ्यासारख्यांच्या सोमवारच्या वेळेची वाट पाहू नका.

ऑनलाइन चालेल का? हिंजवडीहून सिंहगड रस्ता गाठून पुन्हा कुणाच्या दवाखान्यात जाण्यापेक्षा चालेल, एका अटीवर: दार लावून बसता येईल अशी जागा हवी. माझ्या निम्म्या ऑनलाइन क्लायंट सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत बसून बोलतात. एकीनं तर वॉचमनला सांगून ठेवलंय की गुरुवारी सात ते आठ काच वाजवायची नाही.

तेव्हा या आठवड्यात रक्त तपासा. दोन-तीन नावं काढा, एखादं नाव फॅमिली डॉक्टरांकडूनच घ्या, आणि प्रत्येकाला तो पाच मिनिटांचा फोन करा. येत्या रविवारी चहा ठेवाल तेव्हा शेजारी कागद ठेवा आणि धडधड सुरू झाली की त्या क्षणी डोक्यात चाललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, शुद्धलेखन न बघता. किती वाजले तेही लिहा. पहिल्या भेटीला तो कागद घेऊन जा. मागच्या वेळचा 'मूल होऊ द्या' हा किस्साही सांगा, आणि ऐकताना समोरच्याचा चेहरा बघा.